शिवडीचा जुळा अर्ज

एक

चोर म्हणून माझ्याकडे आयुष्यात एकदाच कोणी पाहिलं, आणि तेही खुर्चीवर बसवून, चहा पाजून.

अठ्ठावन्न सालचा फेब्रुवारी. फणसवाडीच्या तोंडाशी एका धर्मादाय ट्रस्टची कचेरी होती. तिथल्या चिटणीस मृणालिनीबाईंनी मला बोलावणं धाडलं होतं. मी, सुभद्रा घाडी, गिरणीतल्या वाइंडिंग खात्यातली कामगार, सातवी पास, घोडपदेवच्या आमच्या महिला मंडळाची कार्यवाह. कार्यवाह म्हणजे, सगळ्यांच्या वाटची बोलणी खाणारी. आम्ही पाळणाघरासाठी अर्ज केला होता. गिरणीत बदली कामगार म्हणून जाणाऱ्या, खानावळी चालवणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बायांची बावीस पोरं होती, आणि त्यांना दिवसा सांभाळायला कोणी नव्हतं. मला वाटलं, काम झालं. नवं लुगडं नेसून गेले.

मृणालिनीबाईंनी दोन अर्ज टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"हा तुमचा. आणि हा शिवडीच्या गोदाम कामगार बायांचा. वाचा."

वाचले. पहिली ओळ तीच, दुसरी तीच. फक्त घोडपदेव होतं तिथं शिवडी. माझे कान तापले.

"बाई, हा आमचा अर्ज कोणी चोरला?"

"तेच विचारायला बोलावलंय," त्या शांतपणे म्हणाल्या. "कारण शिवडीचा अर्ज गुरुवारी आला. तुमचा शुक्रवारी."

मी चहाचा कप खाली ठेवला. पुढचं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. शनिवारी विश्वस्तांची बैठक होती. गिरणभागातून यंदा एकाच संस्थेला मदत मिळणार होती. तोवर समाधानकारक खुलासा आला नाही तर दोन्ही अर्ज बाद, आणि दोन्ही मंडळांची नावं ट्रस्टच्या दारातून कायमची बाहेर.

घरी आले तर जिन्यातच बकुळा उभी. बावीस पोरांतली दोन तिची. "काय झालं गो?" तिनं विचारलं.

"चहा चांगला होता," मी म्हटलं आणि वर गेले.

दोन

आता अप्पांबद्दल सांगायला हवं. अप्पा खांबेटे एका मोठ्या धर्मादाय कचेरीत तीस वर्षं हेडक्लार्क होते. लोकांचे अर्ज फोडायचे, वाचायचे, आणि कुठला वर पाठवायचा ते ठरवायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांना उपरती झाली की आपण हजारो अर्ज नाकारले, पण अर्ज लिहायला कोणालाच शिकवलं नाही. म्हणून दर रविवारी ट्राममध्ये बसून ते आमच्याकडे यायचे. एक छदाम घेत नसत. बोलणं मात्र असं, की पैसे घेतले असते तर बरं, असं वाटावं.

आमचा पहिला अर्ज चिंतामणी मास्तरांनी लिहिला होता. मास्तर म्युनिसिपल शाळेतले, अक्षर मोत्यासारखं. "हे दयासागरा, आम्ही अनाथ दीनदुबळ्या अबला आपल्या चरणकमळी" असा सुरू होऊन तो चार पानं रडत होता. अप्पांनी तो पूर्ण वाचला आणि चष्मा काढला.

"मास्तर, यात पोरं कुठं आहेत?"

मास्तरांनी पानं उलटली.

"पाय आहेत, कमळं आहेत, सागर आहे. पोरं किती, कुणाची, आया कामाला किती वाजता जातात, खोली कुठली, पोरांना बघणार कोण? शेठजींना रडू येईल, पण चेक कसला लिहायचा ते कळणार नाही."

मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्या दिवसापासून लिहायचं काम माझ्याकडे आलं. पाच रविवार लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. अप्पांचा एक हट्ट होता. प्रत्येक मसुदा न शिकलेल्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायचा. त्याला समजलं आणि परत सांगता आलं तर अर्ज पास, नाहीतर फाडा. तळमजल्यावरची जाईमावशी रविवारी मोकळी असायची. साताऱ्याकडची म्हातारी, अक्षर म्हणजे तिला नुसत्या मुंग्या, पण जात्यावरच्या ओव्या शेकड्यानं पाठ. ती लसूण सोलत बसायची, मी वाचायची. तिला कळलं की मान हलायची.

ट्रस्टच्या कचेरीतून आले त्या दिवशीच अप्पांच्या घरी जाऊन मी सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडतील. त्यांनी पान जुळवलं, कात घातला आणि विचारलं, "तुमच्याखेरीज कागद कुणाकुणाच्या हातातून गेला?"

"दोघांच्या. पक्की प्रत चिंतामणी मास्तरांनी लिहिली. पाकीट आपल्या जयवंतानं, समितीच्या कार्यकर्त्यानं, कचेरीत पोचवलं."

"आणि दोघांपैकी अर्जावर राग कुणाचा?"

मी जरा विचार केला. "दोघांचाही," मी म्हटलं.

तीन

जयवंता आम्हाला लालबागच्या नाक्यावर सापडला. हातात चुन्याची बादली, समोर अर्धी रंगवलेली भिंत. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' एवढं झालं होतं, 'झालाच पाहिजे' व्हायचं होतं. दीड वर्षापूर्वी तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, तेव्हापासून कुणापुढं मान वाकवायची नाही असं त्यानं ठरवलं होतं. संयुक्त महाराष्ट्र समितीचं काम तो शिवडीतही करायचा.

"अप्पा, मला हा अर्ज पटलाच नव्हता," तो म्हणाला. "शेठ लोकांना मुंबई खिशात ठेवायचीय, अन् सुभाताई त्यांच्याचपुढं पदर पसरते. मी हे तिला तोंडावर सांगितलं."

"तरी पाकीट नेलंत?"

"पोरं शेठची नाहीत ना. आपली आहेत. नेलं."

"उघडून बघितलं?"

जयवंतानं ब्रश बादलीत टाकला. "लाखेची मोहर होती, विचारा ट्रस्टच्या त्या बाईंना. आणि मला चोरी करायची असती तर मी फाडून टाकलं असतं. शिवडीला कशाला देऊ? तोही शेठकडंच जाणार ना?"

मला हसू आलं. अप्पांनी नुसतं 'हं' केलं.

चिंतामणी मास्तर जास्त अवघड निघाले. आम्ही गेलो तेव्हा ते वह्या तपासत होते. अर्जाचं नाव काढताच त्यांनी टाक खाली ठेवला.

"म्हणजे संशय माझ्यावर. साहजिक आहे. अपमान माझा झाला होता."

"झाला होता," अप्पा म्हणाले. "मी केला होता. चारचौघांत करायला नको होता. त्याबद्दल माफी मागतो."

मास्तरांना हे अपेक्षितच नव्हतं. कपाटातून एक वही काढून त्यांनी पुढं केली. माझा अर्ज त्यांनी स्वतःसाठी वहीत उतरवून ठेवला होता.

"मास्तर, ही वही कुणाला दाखवलीत?"

"कुणाला दाखवू?" ते खाली बघत म्हणाले. "चोवीस वर्षं मुलांना निबंध शिकवतोय. पोरं कुठं आहेत, हा प्रश्न मला कधी पडला नाही. शिकावं म्हणून उतरवला. कुणाला कळू नये म्हणून कपाटात ठेवला."

खरं होतं की खोटं? अप्पांनी वही चाळली आणि परत दिली. बाहेर आल्यावर म्हणाले, "उद्या कचेरीत जाऊ. मला तो शिवडीचा कागद माझ्या डोळ्यांनी बघायचाय."

चार

मृणालिनीबाईंनी दोन्ही अर्ज दिले आणि स्वतः शेजारी बसल्या. अप्पा एका बोटानं ओळी दाबत वाचत होते. अर्ध्या तासानं ते मला म्हणाले, "सुभद्राबाई, 'कोंडीरामच्या आईच्या खोलीत सध्या नऊ मुलं बसतात', हे वाक्य आपल्या पक्क्या प्रतीत नाही. शिवडीच्या अर्जात मात्र आहे, फक्त नाव गाळून. 'एका वृद्धेच्या खोलीत'."

"ते आपण काढलं. म्हातारी गावाला गेली म्हणून. सोमवारी."

"मग मास्तरांच्या वहीत?"

"तिथं कसं असेल? मी ते पान नव्यानं लिहून मगच मास्तरांना दिलं. जुनं पान चुलीत गेलं."

"म्हणजे मास्तरांनी ते कधी पाहिलं नाही. जयवंतानं तर काहीच पाहिलं नाही."

"नाही."

मृणालिनीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग अप्पांकडे. मी मनात हिशेब केला. ते वाक्य ज्यांनी कागदावर पाहिलं अशी जगात दोनच माणसं होती. एक मी, आणि दुसरे अप्पा.

पाच

"पाहिलं दोघांनी," अप्पा म्हणाले. "ऐकलं किती जणांनी?"

त्यांनी शिवडीचा अर्ज माझ्यापुढं सरकवला. "यात तीन ठिकाणी एक वाक्य आहे. 'आता पुढे ऐकावे.' बाई, तुम्हाला हे काय वाटलं?"

"मला वाटलं, लिहिण्याची जुनी पद्धत असेल," मृणालिनीबाई म्हणाल्या.

मला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मसुदा वाचताना पान उलटलं की मी म्हणते, 'आता पुढं ऐक.' ती माझी खोड आहे. माझा नवरा तर त्यावरून मला चिडवतो. कागदावर ते कधीच नव्हतं.

"पुढं बघा," अप्पा म्हणाले. "आपल्या अर्जात पोरांच्या नावांचा तक्ता आहे. तो वाचून दाखवला नव्हता, आणि शिवडीच्या अर्जात तो नाही. डॉक्टर दर पंधरवड्याला येतील हा परिच्छेद आपण चौथ्या रविवारी घातला आणि पुन्हा वाचून दाखवला नाही. तोही शिवडीत नाही. चौथ्या रविवारी कोण हजर नव्हतं?"

"जाईमावशी," मी म्हटलं. "तिचा नातू आजारी होता. ती लेकीकडं गेली होती."

"लेक कुठं असते?"

"शिवडीला."

मृणालिनीबाई म्हणाल्या, "पण त्या बाईंना लिहिता-वाचता येत नाही म्हणता."

"येत असतं तर काय अर्ज आणि काय सुभद्राबाईंची खोड, हे तिनं वेगळं केलं असतं," अप्पा म्हणाले. "जिला सगळं कानानंच ठेवायची सवय आहे, ती शब्द गाळत नाही. नावगाव बदललं असेल ते लिहून घेणाऱ्यानं. गोदामात बायांची हजेरी आठला असते, आणि शिवडीच्या अर्जातही पाळणाघर साडेसहाला उघडायचंय, सातच्या पाळीसाठी. अस्सल कुठला हे यावरून तुमच्या विश्वस्तांनाही कळेल."

आम्ही सुटलो होतो. मला उड्या मारायला हव्या होत्या. पण डोक्यात एकच होतं, की त्या म्हातारीला जाऊन असं काही सुनवायचं की तिनं परत माझ्या दाराशी लसूण सोलता कामा नये.

सहा

"चोरी?" जाईमावशी म्हणाली. "म्या काय उचललं तुजं? तुजा कागुद तुज्या ट्रंकंत हाय न्हवं?"

"मावशी, शब्द उचललेस."

"चांगली ओवी कानावर पडली तर बाई दुसऱ्या घरी म्हनत न्हाई व्हय? तिला कुनी चोर म्हनतंय?" ती खरोखरच गोंधळली होती. "चंपी म्हनली, आये, आमालाबी पाळनाघर पायजे, पर मागायचं कसं? म्या म्हनलं, मला येतंय. तिथल्या शाळंतल्या गुर्जींनी लिवून घेतलं. सुभद्रे, तू इतकं झ्याक सांगितलंवतंस. मला वाटलं, मागायचे शब्द असंच असत्यात. द्येवाला समदी एकच आरती म्हनत्यात तसं."

पाच रविवार मीच तर तिला विचारत होते, मावशी कळलं का, मावशी परत सांग बघू. तिनं परत सांगितलं, एवढंच.

"तुमचं काम माज्यामुळं बुडलं का गं?" तिनं विचारलं. मग तिचे डोळे भरले, आणि माझा राग कुठल्या कुठं गेला.

गुरुवारी मी ट्रस्टला खुलासा लिहून दिला. मावशीनंच मला सांगितलं, खरं हाय ते लिव. तिनं स्वतः अंगठा उठवला. मृणालिनीबाईंनी शिवडीचा अर्ज बाद केला, आमचा पुढं ठेवला. "त्यांना स्वतःचा अर्ज द्यायचा असेल तर शनिवारी दुपारी बारापर्यंत घेईन," त्या म्हणाल्या. "मदत मात्र एकालाच."

जिना उतरताना मी अप्पांना विचारलं, "शिवडीच्या बायांना अर्ज लिहून कोण देणार?"

"मी नाही," अप्पा म्हणाले. "माझी शिष्या एकच आहे. आणि तिनं लिहावं असं मी तिला सांगू शकत नाही. तिची स्वतःची बावीस पोरं आहेत."

सात

शुक्रवारी खाडा करून मी मावशीबरोबर शिवडीला गेले. बघून यावं, एवढंच मनात होतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

गोदामाच्या सावलीत एक दोन वर्षांचं पोर मातीत खेळत होतं. पायाला काथ्याची दोरी, दुसरं टोक खांबाला. मावशीच्या लेकीचा, चंपाचा रघु. डोक्यावरची गोण उतरवून चंपा आली, पोराच्या पायाखालची माती तिनं पदरानं झटकली आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

"अकराजणी आहोत," ती म्हणाली. "एरवी एक जण पाळीपाळीनं थांबते, सगळ्यांची पोरं बघते. तिच्या वाटच्या गोण्या आम्ही उचलतो. पण धक्क्याला बोट लागली की सगळ्यांनाच जावं लागतं. मग हे असं."

दुपारच्या सुट्टीत बाया भोवती बसल्या आणि मी लिहायला घेतलं. जुनं एकही वाक्य घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. पाळीपाळीनं पोरं कशी सांभाळतात ते लिहिलं. आठची हजेरी लिहिली. गोदामामागची रिकामी खोली लिहिली. सगळं नीट लिहिलं.

मग वाचून दाखवलं. मावशी डोळे मिटून ऐकत होती.

"समदं बराबर हाय," ती म्हणाली. "दोरी ऱ्हायली."

राहिली नव्हती. मी मुद्दाम गाळली होती. तुम्हाला खरं सांगते, अर्ज लिहायला शिकलेल्या माणसाला कळतं, कुठल्या ओळीवर वाचणारा थांबणार. त्या ओळीवर विश्वस्त थांबले असते, आणि आमची बावीस पोरं तिथंच मागं पडली असती. म्हणून मी चांगला अर्ज लिहिला, फक्त फार चांगला लिहिला नाही.

"कागद संपत आला," मी म्हटलं. मावशीला वाचता येत नव्हतं, पण कागदाची मागची बाजू कोरी आहे हे दिसत होतं.

मी चंपाला विचारलं, "दोरीचं लिहू?"

"लिहा. पण मी वाईट आई आहे असं वाटायला नको."

"किती लांब आहे?"

"चार हात. पाच केली तर गाड्यांच्या रस्त्यावर पोचतो. आधी तीन होती, तर सावली सरकली की उन्हात पडायचा. म्हणून चार."

मी ते तसंच लिहिलं, तिच्याच शब्दांत, पुढं-मागं काही न लावता. शनिवारी साडेअकराला अर्ज मृणालिनीबाईंच्या टेबलावर होता.

आठ

पंधरा दिवसांनी पत्र आलं. मदत शिवडीला.

अप्पांनी दोन्ही अर्जांच्या प्रती शेजारी ठेवून वाचल्या होत्या. "तुमचा दुसरा पहिल्यापेक्षा चांगला आहे," एवढंच म्हणाले, आणि त्या दिवशी ट्राममध्ये न बसता बराच लांबपर्यंत चालत गेले.

मला बकुळाला सांगायचं होतं. ती नळावर कळशी भरत होती.

"काय झालं गो?"

"नाही झालं. शिवडीचं झालं."

"त्यांचा अर्ज कोणी लिहिला?"

"मी."

कळशी भरून वाहायला लागली तरी तिनं नळ बंद केला नाही. मी तिला सगळं सांगितलं. खांब, दोरी, चार हात, मी ती ओळ कशी गाळली आणि मग कशी घातली. ती शिव्या देईल म्हणून मी वाट बघत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मी कामाला जाताना खोलीला बाहेरून कडी लावते," ती म्हणाली. "दोघं आत असतात. मोठा फटीतून हात बाहेर काढून बसतो. सगळ्या चाळीला ठाऊक आहे. तुलापण आहे."

"आहे."

"ते आपल्या अर्जात लिहिलं होतंस?"

"नाही," मी म्हटलं. "तुला लाज वाटेल, वाईट वाटेल, म्हणून."

"मला विचारलंस?"

तिनं नळ बंद केला, कळशी कमरेवर घेतली. "चार दिवस मी तुझ्याशी बोलायची नाही," ती म्हणाली आणि गेली.

तिचा राग मला ठाऊक आहे, चार म्हणजे चार. पण तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी दार वाजलं. बकुळा दोन्ही पोरं घेऊन उभी होती. आत येऊन ती खाली बसली, धाकट्याला मांडीवर घेतलं आणि मला म्हणाली, "कागद काढ. मी सांगते, तू लिही."